बाटलीचा पहारेकरी कुणाच्या पगारावर?

(युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला बोलावतात ते कविता वाचायला. आज कविता नाही. आज हिशोब आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा हिशोब. ती बाटली कोण तपासतं, तपासणाऱ्याला पगार कोण देतं आणि तपासलीच नाही तर मरतं कोण, एवढंच मी बोलणार आहे.

काहीजण आत्ताच चुळबुळ करतील. म्हणतील, खेड्यात आमच्या माणसांवर हात उगारले जातायत, गायरान काढून घेतलं जातंय, भरती बंद करून कंत्राट आणलंय, आणि हा गडी औषधाची बाटली घेऊन उभा राहिलाय. दोस्तांनो, कुऱ्हाडीनं मारलेला माणूस दिसतो. त्याचा पंचनामा होतो, मोर्चा निघतो. बाटलीनं मारलेलं पोर दिसत नाही. त्याच्या कागदावर 'किडनी निकामी' एवढं लिहितात. आई कपाळाला हात लावते आणि म्हणते, देवानं नेलं. देवानं नाही नेलं. ज्यानं नेलं त्याचं नाव सांगायला मी उभा आहे.

आपल्याच मुंबईपासून सुरुवात करू. १९८६ साल. जानेवारी-फेब्रुवारी. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय. मेंदूतला नाहीतर डोळ्यातला दाब उतरवायला डॉक्टर पेशंटला ग्लिसरीन पाजतात. नेहमीचं औषध. त्या दोन महिन्यांत ते पाजलं आणि माणसांची लघवी बंद झाली. अंग सुजलं. १४ माणसं मेली. ग्लिसरीन म्हणून जे आलं होतं ते औषधातलं ग्लिसरीन नव्हतंच. कारखान्यात वापरायचा माल होता, आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल नावाचं विष होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. १९८८ साली त्यांचा अहवाल लोकांसमोर आला. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनाचा कारभार, मंत्र्याची ढवळाढवळ, सगळं त्या न्यायमूर्तीनं उघडं करून ठेवलं. आरोग्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. खुर्ची दुसऱ्याला मिळाली. १४ माणसं परत आली नाहीत.

जे. जे.मध्ये कोण जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या खिशात पैसा आहे तो त्या फाटकातून आत जात नाही.

आता हे विष काय आहे ते समजून घ्या. साहेबांचा शब्द आहे म्हणून घाबरू नका. मी मॅट्रिक झालेला माणूस, मला समजलं तर तुम्हालाही समजेल. गोदीत आम्ही पिंपं उतरवतो. पिंपावर कागद असतो. त्यावर मालाचं नाव, दर्जा, वजन. औषधाच्या दर्जाचा माल वेगळा, कारखान्याच्या दर्जाचा वेगळा. पिंप बाहेरून तेच. झाकण काढून बघितलं तरी आतलं पाणी तेच, रंग नाही, घट्ट, जिभेला गोड. ग्लिसरीन गोड, प्रॉपिलिन ग्लायकॉल गोडसर, आणि डायएथिलिन ग्लायकॉलही गोड. पहिली दोन औषधात चालतात. तिसरं ब्रेकच्या तेलात, रंगाच्या-रेझिनच्या कारखान्यात चालतं. आणि तिसरं स्वस्त असतं. झाली का गोष्ट स्पष्ट? ज्याला नफा खायचाय तो स्वस्त पिंप घेतो. ज्याला फक्त आळस आहे तो कुठलंही पिंप घेतो आणि न तपासता कढईत ओततो. दोघांच्या पापाचं फळ एकच. ते विष पोटात गेलं की किडनी मरते. एक-दोन दिवसांत लघवी थांबते. मग मज्जातंतू जातात. मग पोर जातं.

आमचं हमालाचं काम पिंप उचलायचं. टॅली क्लार्कचं काम मोजायचं. पिंपं पन्नास आली का, पन्नास गेली का, एवढं सगळे बघतात. आत काय आहे हे कोण बघतं? जगभराची गोदी अशीच चालते. २००६ साली पनामा देशात काय झालं ऐका. चीनमधून ४६ पिंपं निघाली. स्पेनच्या बार्सिलोना बंदरातून पनामात पोचली. एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दर वेळी कागद नवा झाला, मालाचं नाव सोज्वळ होत गेलं. शेवटच्या कागदावर शुद्ध ग्लिसरीन. एवढ्या बंदरांत एकानंही झाकण उघडून थेंब तपासला नाही. पनामाच्या सरकारी कारखान्यात त्याचं खोकल्याचं औषध झालं, लाखो बाटल्या भरल्या आणि शंभरावर माणसं मेली. लक्षात घ्या, सरकारी कारखाना. म्हणजे नुसतं 'सरकारी करा' म्हणून भागत नाही. सरकारी कढईलाही पहारेकरी लागतो.

आणि हे विष आज सापडलेलं नाही. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीनं सल्फा औषध या ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं. शंभरावर माणसं मेली, त्यात लहान पोरं पुष्कळ. तेव्हा तिथल्या सरकारनं काय केलं? त्यांच्याकडे २३९ इन्स्पेक्टर आणि रसायनतज्ज्ञ होते. जवळजवळ सगळेच्या सगळे रस्त्यावर उतरवले. दुकान न् दुकान, डॉक्टर न् डॉक्टर, घर न् घर. २४० गॅलन औषध तयार झालं होतं, त्यातलं २३४ गॅलन त्यांनी परत जमवलं. उरलेल्या सहा गॅलनांनी शंभर माणसं मारली. उलटा विचार करा. ते २३९ पगारी लोक नसते तर उरलेल्या २३४ गॅलनांनी किती मारली असती? हा गणिताचा प्रश्न कुठल्या शाळेत घालत नाहीत. घातला पाहिजे. आणि त्यातली गंमत सांगतो. तेव्हाच्या कायद्यात विष विकणं हा गुन्हाच नव्हता! बाटलीवरचं नाव चुकीचं आहे एवढ्या एका मुद्द्यावर माल जप्त करता आला. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, त्यांना कायदा बदलावा लागला. मेलेल्यांनी तो कायदा लिहून घेतला.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० साली आला. कायदा आहे. पण मेलेले आपल्याकडे दर दहा-पंधरा वर्षांनी नव्यानं अर्ज करतात आणि त्यांचा अर्ज फायलीत जातो. १९७०नंतरच्या पहिल्याच वर्षांत मद्रासला पोरं मेली. १९८६ला आपली मुंबई. १९९८ला दिल्ली-गुरगाव, ३३ मुलं. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातलं रामनगर. २०२२ला आफ्रिकेतला गॅम्बिया, सुमारे ७० पोरं, आणि औषध आपल्या देशातून गेलेलं. त्याच साली उझबेकिस्तान, पुन्हा माल आपलाच. आणि २०२५ला छिंदवाडा. वर्षं बदलतात, गावं बदलतात. विष तेच. आडनावं गरिबांची.

छिंदवाड्याचं नीट सांगतो, कारण त्याची नाळ महाराष्ट्राशी आहे. छिंदवाडा मध्य प्रदेशात, आदिवासी मुलूख. पोरांना ताप-खोकला. डॉक्टरनं 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिलं. आईबापानं पदरचे पैसे घालून बाटली आणली, चमच्यानं मोजून पाजली. पोरांची लघवी बंद झाली. तिथं इलाज होईना म्हणून आईबाप त्यांना घेऊन नागपूरला आले. नागपूरच्या दवाखान्यांतून कितीतरी पोरं चादरीत गुंडाळून परत गेली. वीसच्या वर मेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालं होतं. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनं नमुना हातात घेतला आणि दोन-तीन दिवसांत निकाल दिला. डायएथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के. चालतं किती? ०.१ टक्के. म्हणजे बाटलीत औषध शोधावं लागत होतं, जवळजवळ निम्मं विषच होतं.

आता माझा मुद्दा. तो माल मे महिन्यात तयार झालेला. तपासला ऑक्टोबरात. तपासायला लागले दोन-तीन दिवस. मग मेपासून ऑक्टोबरपर्यंत ते दोन-तीन दिवस सापडले का नाहीत? यंत्र नव्हतं असं नाही. विद्या नव्हती असं नाही. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवून, खालून द्रावण चढवून वेगवेगळे डाग बघायची एक साधी चाचणी आहे, थिन लेयर क्रोमॅटोग्राफी म्हणतात. कॉलेजातली पोरं ती करतात. मग नव्हतं काय? सप्टेंबरात पोरं मरेपर्यंत त्या पिंपाजवळ, त्या कढईजवळ, त्या बाटलीजवळ जाऊन थेंब घेणारा माणूस नव्हता. आणि माणूस का नव्हता? कारण माणसाला पगार लागतो.

म्हणजे तपासणी झाली, मित्रांनो. तपासणी होतेच. फक्त ती प्रयोगशाळेत होण्याऐवजी आमच्या पोरांच्या पोटात झाली. काचेच्या पट्टीवर डाग पडायचा तो आईच्या पदरावर पडला. या देशात गरिबाची किडनी ही सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा आहे. तिला इमारत लागत नाही, वीज लागत नाही, अनुदान लागत नाही.

कुणी म्हणेल, श्रीमंताचं पोरही तेच सिरप पितं. पितं, कबूल. पण श्रीमंताच्या पोरापुढं पहारे चार. घरातला डॉक्टर, नामांकित कंपनी, लघवी थांबल्याबरोबर डायलिसिस आणि वर वकील. आमच्या पोराच्या आणि विषाच्या मध्ये एकच पहारेकरी आहे, तो म्हणजे सरकारी तपासणी. तोच झोपला, विकला गेला किंवा नेमलाच नाही, तर आमच्याकडे दुसरा कोणी नाही. म्हणून हा प्रश्न आमचा आहे. आरक्षणाइतकाच, जमिनीइतकाच आमचा.

पैसा नाही, माणसं नाहीत, असं सांगतात. मग एक इतिहास आठवून द्या. २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. बाबासाहेबांच्या मागं आमच्या आज्यापणज्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्या पाण्यात विष नव्हतं. तरी गावातल्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करायला शेणगोमुताच्या, दह्यादुधाच्या १०८ घागरी ओतल्या. माणसं मिळाली, पैसा मिळाला, मंत्र म्हणणारे मिळाले. आमच्या स्पर्शाची तपासणी करायला या समाजाला कधी इन्स्पेक्टर कमी पडला नाही. प्रत्येक विहिरीवर एक, प्रत्येक देवळाच्या पायरीवर एक, फुकट, रात्रंदिवस. आणि आमच्या पोराच्या घशात चाललेलं खरं विष तपासायचं म्हटलं की तिजोरीत खडखडाट! ज्या समाजाला शुद्धतेचं एवढं वेड, त्याच्या औषधात निम्मं विष सापडतं, ही या देशाची खरी कुंडली आहे.

आता पुढची गोष्ट ऐका, रक्त उकळेल. गॅम्बियातली पोरं मेल्यावर जगात बोभाटा झाला. धंद्याची इज्जत गेली. तेव्हा दिल्लीनं नियम काढला. १ जून २०२३पासून खोकल्याचं सिरप परदेशी पाठवायचं तर आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून दाखला घ्यायचा. चांगला नियम. पण देशात विकायच्या बाटलीला तशी सक्ती त्या नियमात नव्हती. गोदीतून बाहेर जाणारी बाटली तपासायची आणि वस्तीत येणारी तशीच सोडायची! आणि सव्वादोन वर्षांत छिंदवाडा झालं. परदेशी गिऱ्हाईक नाराज झालं तर डॉलर बुडतो. आदिवासी आई नाराज झाली तर काय बुडतं?

त्याच २०२३ साली 'जनविश्वास' नावाचा कायदा आला. नाव बघा. त्यानं औषध कायद्यातल्या निकृष्ट दर्जाच्या मालाच्या गुन्ह्यात पैसे भरून तडजोड करायची वाट उघडली. माणूस मेला तर मोठं कलम अजून आहे, हे मी लपवत नाही. पण माणूस मरण्याआधी जिथं पकडायचं, तिथंच पावती फाडून सुटायची सोय झाली. विश्वास 'जना'चा घेतला आणि दिला कुणाला?

आता हिशोब. मुकादमानं मांडावा तसा ढोबळ मांडतो, पाटी घेऊन बसा.

२००३ साली डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीनं सरकारला सांगितलं की औषधाच्या ५० कारखान्यांमागं एक इन्स्पेक्टर हवा आणि २०० दुकानांमागं एक. देशात औषधांचे कारखाने साडेदहा हजारांच्या घरात आहेत असं सरकारच सांगतं. १०,५०० भागिले ५०, म्हणजे २१० माणसं. दुकानं आठ लाख धरा. भागिले २००, म्हणजे ४,००० माणसं. एकूण ४,२१०. एकेकाचा पगार, प्रवास, भत्ता सगळं मिळून महिन्याला एक लाख धरू. वर्षाचे झाले पाचशे कोटी आणि वर थोडे. तेवढेच पाचशे कोटी प्रयोगशाळांना द्या. झाले हजार कोटी.

हजार कोटी ऐकून डोळे फिरवू नका. आता जमेची बाजू. या देशात वर्षाला दोन लाख कोटी रुपयांच्या वर औषधं विकली जातात. त्यावर आम्ही कर भरतो. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून सप्टेंबर २०२५पर्यंत बहुतेक औषधांवर १२ टक्के होता. मग तो ५ टक्के झाला. ५ टक्क्यांनी धरा. दोन लाख कोटींचे ५ टक्के म्हणजे दहा हजार कोटी. त्यातले हजार, म्हणजे रुपयातले दहा पैसे. शंभर रुपयांची बाटली घेतली की पाच रुपये कर जातो. त्या पाच रुपयांतले पन्नास पैसे. बस्स! छिंदवाड्याच्या आयांनी बाटलीबरोबर करही भरला होता. पहारेकऱ्याचा पगार त्यांनी आगाऊ दिला होता. पहारेकरी पाठवला नाही. याला आमच्या भाषेत काय म्हणतात? मजुरी घेऊन काम न करणं. आम्ही गोदीत असं केलं तर दुसऱ्या दिवशी फाटकात उभं करत नाहीत.

म्हणून मी म्हणतो, तपासणीसाठी पैसा मागणं ही भीक नव्हे. ही थकबाकी आहे.

'आरोग्यावर खर्च वाढवू' ही घोषणा आपण फार ऐकली. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५पर्यंत सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करू. सरकारच्याच हिशोबात २०२१-२२ला, करोनाची साथ चालू असताना, तो १.८४ टक्के होता. आणि त्यात दवाखान्याची इमारत दिसते, तिचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. तपासणीची फीत कापता येत नाही. जे पोर मेलं नाही त्याच्या शेजारी उभं राहून मंत्र्याला फोटो काढता येत नाही. म्हणून तपासणीचा पैसा सर्वांत आधी कापला जातो.

आता प्रश्न, हा पैसा कुणाकडून घ्यायचा? तीन रस्ते सांगतात.

पहिला रस्ता: कंपन्यांकडून फी घ्या आणि त्यावर खातं चालवा. अमेरिकेत १९९२ साली असा कायदा झाला. औषध मंजुरीची फी कंपन्या भरतात आणि त्या फीवर सरकारी खात्याचं मोठं काम चालतं. कामाला वेग आला हे खरं. पण ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशावर चूल पेटत असेल तर आवाज किती मोठा निघेल, हा वाद तिथं आजतागायत चालू आहे. मालकानं नेमलेला मुकादम मालकाची चोरी पकडत नाही. हे समजायला अमेरिकेला जायला नको.

दुसरा रस्ता: दानशूर मंडळी, फाउंडेशन, कंपन्यांचा समाजसेवेचा पैसा. थूः! ज्या हातानं विष दिलं त्याच हातानं ब्लँकेट वाटायचं.

तिसरा रस्ता आमचा. पैसा कंपनीकडून घ्या, पण कर म्हणून घ्या. सरकारी तिजोरीत टाका आणि कायद्यानं बांधून टाका, की एवढा वाटा तपासणीचाच, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हे स्वप्न नाही. थायलंडनं २००१ साली कायदा करून दारू आणि तंबाखूच्या करावर २ टक्के जादा लावले आणि तो पैसा लोकांच्या आरोग्यासाठी वेगळा बांधून ठेवला. दरवर्षी अर्थमंत्र्याच्या दारात कटोरा घेऊन जायची पाळी नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं त्याही आधी, १९८७ साली, तंबाखूच्या पैशावर असंच केलं. ज्या धंद्यानं धोका तयार होतो त्यानं पहाऱ्याचा खर्च द्यायचा, पण पहारेकरी त्याचा नोकर नसेल. तो नोकर जनतेचा.

मी ऐकतोय, मागून कुणीतरी म्हणालं, "इन्स्पेक्टर वाढवले की हप्ते वाढतील." बरोबर बोललास भावा. लेंटिनच्या अहवालात हेच तर निघालं. कायदा होता, खातं होतं, माणसं होती, आणि तरी १४ मेले. मग काय करायचं? चोर पोलीस आहेत म्हणून वस्तीतले दिवे काढून टाकायचे? नाही. दिवे वाढवायचे. हप्ता अंधारात चालतो. दर महिन्याला कुठल्या दुकानातून, कुठल्या कारखान्यातून, किती नमुने घेतले, किती नापास झाले, कुणावर खटला भरला, हे मराठीत छापून प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या आणि औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर लावा. प्रामाणिक इन्स्पेक्टरची बदली मंत्र्याच्या चिठ्ठीवर होणार नाही असा नियम करा. आणि एक माणूस हजार दुकानांवर नेमला की तो तपासणी करूच शकत नाही, फक्त हप्ताच गोळा करू शकतो. कमी माणसं नेमणं ही काटकसर नव्हे, ती भ्रष्टाचाराची पेरणी आहे.

दुसरा एक बहाणा आहे. केंद्र म्हणतं, कारखान्याला परवाना राज्य देतं, तपासणी राज्यानं करावी. राज्य म्हणतं, पैसा केंद्राकडे. छिंदवाड्यात कारखाना एका राज्यात, मरण दुसऱ्यात, दवाखाना तिसऱ्यात. विषाला राज्याच्या सीमेवर चेकनाका लागला नाही. जबाबदारीला मात्र प्रत्येक सीमेवर लागला.

बाबासाहेबांनी घटनेत ४७वं कलम आपल्या हाती दिलंय. लोकांचं पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य आहे. कोर्टात जाऊन हे कलम वसूल करता येत नाही, हे ३७व्या कलमातच लिहिलंय. पण संविधान सभेत बाबासाहेबांनी हेही बजावलं होतं की कोर्टात नसेल तर निवडणुकीत मतदारापुढं त्याचा जाब द्यावा लागेल. आम्ही जाब विचारला का कधी? मत मागायला येतो त्याला आपण नळ विचारतो, गटार विचारतो, समाजमंदिर विचारतो. यापुढं विचारा, आमच्या तालुक्यात औषधाचे नमुने गेल्या वर्षी किती घेतले? आमदाराला उत्तर येणार नाही. पुन्हा विचारा.

आणि औषधावरच थांबू नका. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. तिथंही कारखान्याचंच रसायन होतं, मिथेनॉल. तिथंही मरणारे आमच्यासारखेच, दिवसभर राबून संध्याकाळी घोटभर घेणारे. लोक म्हणाले, बेवडे होते, मेले. जसं काही घोट घेणाऱ्याला मरणाची शिक्षा कुठल्या कायद्यात लिहिलीय. कारखान्याचं विष गरिबाच्या तोंडापर्यंत पोचायची वाट एकच आहे, मग ते सिरप म्हणून येवो नाहीतर दारू म्हणून. पिंप कुठून निघालं, कुणी घेतलं, कुठं गेलं, याचा माग ठेवणारं कोणी नाही.

म्हणून आमच्या मागण्या. लिहून घ्या.

एक. औषधांवरच्या कराचा दहावा हिस्सा कायद्यानं तपासणीसाठी राखून ठेवा. केंद्र आणि राज्य, दोघांनी. त्याचा जमाखर्च दरवर्षी छापा.

दोन. ५० कारखान्यांमागं एक आणि २०० दुकानांमागं एक, हे माशेलकर समितीचं प्रमाण पुरं करा. रिकाम्या जागा भरा. कायम भरा, कंत्राटावर नको. आणि राखीव जागांसकट भरा. आमची शिकलेली पोरंपोरी पहाऱ्याला उभी राहू द्या.

तीन. ग्लिसरीन आणि ग्लायकॉलचं प्रत्येक पिंप औषधाच्या कारखान्यात उघडण्याआधी तपासा. बंदरातून बाटलीपर्यंत त्याचा माग ठेवा. निर्यातीच्या बाटलीला जी तपासणी, तीच वस्तीतल्या बाटलीला.

चार. निकृष्ट औषधाच्या गुन्ह्यातली तडजोडीची वाट बंद करा.

पाच. नमुन्यांचे निकाल मराठीत, उघड, भिंतीवर.

मागण्या सरकारसाठी झाल्या. आता आपल्यासाठी. औषध कायद्याचं २६वं कलम पाठ करा. कुठलाही माणूस, किंवा ग्राहकांची मान्यताप्राप्त संघटना, ठरलेली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि त्याचा सही केलेला अहवाल मागू शकते. हे हत्यार १९४०च्या कायद्यात गंजत पडलंय. प्रत्येक वस्तीत दोन पोरांनी हे काम अंगावर घ्या. बिलाशिवाय औषध घेऊ नका. बाटली फेकू नका, वरचा बॅच नंबर वहीत लिहा. औषध घेतल्यावर पोराची लघवी कमी झाली तर औषध ताबडतोब थांबवा, बाटली बरोबर घेऊन मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरला बाटली दाखवा. पोर गेलं तरी बाटली सोडू नका. तो पुरावा आहे. तोच आमचा पंचनामा आहे.

त्यांना वाटतं, हे लोक रडतील, पुरतील आणि विसरतील. नुकसानभरपाईचा चेक दिला की गप्प बसतील. आपण चेक मागत नाही. मेल्यावरची किंमत मागत नाही. जिवंतपणीचा पहारा मागतोय, आणि त्याचा पगार आपण आधीच भरलाय.

पावती दाखवा आणि वसूल करा. जय भीम!